बारशाआधी गेलेली

माझ्या रजिस्टरात अख्ख्या वर्षात एकही तान्हं मूल मेलं नव्हतं. आज हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा केवढा ताठा होता! एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. रत्नागिरीहून भाट्याची खाडी तरीने ओलांडायची आणि पुढे तासभर चालायचं, अशा एका गावात मी नर्स म्हणून नेमले गेले होते. वय तेवीस. माहेर साताऱ्याकडचं, बोलणं रांगडं, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. गावातल्या बायका मला तोंडावर ‘घाटी बाय’ म्हणायच्या आणि माझं बोलणं ऐकून पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही काही कमी नव्हते. त्यांचे हेल मी त्यांच्यासमोरच काढून दाखवायची.

केंद्र म्हणजे चिऱ्याच्या दोन खोल्या. एक टेबल, एक लोखंडी खाट, कपाटात औषधाच्या बाटल्या आणि ते रजिस्टर. जन्म, मृत्यू, मृत्यूचं कारण. मोठ्या माणसांचं मरण लोक आपणहून येऊन सांगायचे, आणि नुसतं सांगायचे नाहीत, साग्रसंगीत सांगायचे. कोणी माडावरून पडला, कोणाला गवत कापताना जनावर डसलं, कोणाची होडी उलटली. एका म्हाताऱ्याचं कारण विचारलं तर त्याची सून म्हणाली, “लिव, मुंबयवरनं झिलगा येईल म्हणून वाट बघून बघून गेला.” मी ‘वार्धक्य’ लिहिलं. आता वाटतं, तिचंच लिहायला हवं होतं.

तान्ह्या मुलांचं मात्र कोणीच काही सांगायला आलं नाही. मी धरून चालले की मरतच नाहीत. रत्नागिरीला बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी माझ्या गावाचा कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, “वा, बाई!” बस्स, एवढंच. पण परतताना मी तरीत बसलेच नाही, उभी राहिले, इतकी फुगले होते. तरवाल्याने दोनदा ओरडून मला खाली बसवलं.

त्याच आठवड्यात ती आली. वरच्या वाडीतली, विशीतली, सातवा महिना. नवरा मुंबईत गिरणीत. सासू बरोबर होती, ती बाहेर पायरीवर बसली. मी नेहमीचे प्रश्न विचारले.

“कितवं?”

“पहिलं.”

मी तिला खाटेवर निजवून तपासायला घेतलं. पोटावर जुन्या पांढुरक्या रेघा होत्या. पहिलटकरणीचं पोट असं नसतं, हे मला डोळे मिटूनही कळलं असतं. मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, “पहिलं.” आणि मग मी जे बोलले ते मला आजही तोंडातून काढायला जड जातं. मी म्हटलं, “लग्नाआधीचं काही असलं तर सांगून टाक. मी कुणाला सांगणार नाही. पण खोटं बोलू नकोस.”

ती उठून बसली. रडली नाही, भांडली नाही. चोळीच्या गाठी बांधल्या, पदर सारखा केला आणि सासूच्या पाठोपाठ पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून निघून गेली. मीच आपली दारात उभी राहून बडबडत राहिले, की यांना अक्कल कधी यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावची सुईण आली. साठीच्या पुढची, काटक, कमरेत जराशी वाकलेली. तिला सगळे आजी म्हणत, मीही म्हणत असे, पण आमचं फारसं जमत नव्हतं. मी आल्यावरही अर्ध्याहून अधिक बाळंतपणं तीच करायची, आणि ते मला खुपायचं. ती पायरीवरसुद्धा टेकली नाही. अंगणात उभी राहूनच तिने मला सुनावलं.

“काय गो बाय, पोरीला काय बोललीस? तिची तीन झाली नि तीन गेली. आठव्या दिवशी. तिन्ही माज्या हातावर आलेली. नि तू तिला पाप लावतंस?”

मी म्हटलं, “मग ती पहिलं का म्हणाली?”

“बारशाआधी गेलं त्ये मोजत नाय.”

असं ती म्हणाली, जशी काही ही जगातल्या कुणालाही ठाऊक असलेली गोष्ट. बारशाआधी गेलं त्याला नाव नाही. नाव नाही म्हणून सुतक नाही, रडणं नाही. मागीलदारी केळीच्या बुडाशी पुरायचं, सोयर तिथंच संपवायचं आणि पुन्हा कोणी त्याचा उच्चार करायचा नाही. उच्चार केला तर पुढचंही त्याच वाटेनं जातं. म्हणून प्रत्येक वेळी ‘पहिलं’.

मी आत गेले आणि खुर्चीवर बसले. वर्षभर मी घराघरांत विचारत होते, ‘मुलं किती?’ आणि त्या जिवंत होती तेवढी सांगत होत्या. मी ती लिहून घेत होते आणि ‘वा बाई’ म्हणवून घेत होते.

मग मी वाडीवाडीतून फिरले. या खेपेला रजिस्टर घेतलं नाही. विहिरीवर, भात झोडायच्या खळ्यात, मासळी खारवताना, जिथे बाई एकटी सापडेल तिथे बसले. ‘किती आहेत’ असं नाही विचारलं. ‘किती वेळा बाळंत झालीस’ असं विचारलं. आधी कोणी बोलेना. मग एकीने सांगितलं, मग दुसरीने. खाडीकाठच्या मुसलमान मोहल्ल्यात एका म्हातारीने हातातला पानाचा डबा बाजूला ठेवून मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, जणू चोरीच केली होती तिने. कारणं विचारली तर घरोघर वेगळी. सटवीनं नेलान. नजर लागली. आईचं दूध बाधलं. पण सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट तीच होती. पोर चांगलं होतं, ओरडत होतं, पीत होतं. सातव्या-आठव्या दिवशी त्याने तोंड मिटलान. मग दूध ओढेना. मग आकडी.

हा धनुर्वात होता. शिकत असताना मी तो एकदा पाहिला होता, आणि एकदाच पाहिला तरी पुरे. नाळ कापताना किंवा नंतर, बेंबीतून तो आत शिरतो. एकदा तोंड मिटलं की तेव्हा आमच्या हातात फारसं काही नसायचं. तरीतून खाडी, मग टांगा, इस्पितळ, आणि तिथूनही मोकळ्या हाताने परत. म्हणजे जे काय करायचं ते आधी. आणि वरच्या वाडीतल्या त्या पोरीचे दोनच महिने उरले होते.

मी तडक सुईणीच्या घरी गेले. म्हटलं, “आजी, नाळ कशाने कापतेस ते दाखव.”

ती मला गोठ्यात घेऊन गेली. गोठ्याच्या कुडाच्या काठ्यांत, गाईच्या पाठीला लागेल इतक्या खाली, एक कालवाचं शिंपलं खोचलेलं होतं. आजीच्या सासूचं, तिच्याआधी तिच्या सासूचं. घासून घासून धार केलेलं. त्याच्या बाजूला शेणाचा हात पुसल्याचे वाळके पट्टे.

“इथे का ठेवतेस?”

“मंग काय घरात ठेवू? बाळंतिणीच्या रगताचा विटाळ त्येचा!”

अरे देवा! म्हणजे ही बाई अस्वच्छ नव्हती. उलट माझ्यापेक्षा कडक. बाळंतपणाला जायच्या आधी डोक्यावरून पाणी घ्यायची, आल्यावर पुन्हा घ्यायची, नखं काढायची. ते शिंपलं विटाळाचं म्हणून घरात चालत नव्हतं, म्हणून ते गोठ्यात. आणि नाळ कापली की वर गोवरीची राख खोबरेलात कालवून लावायची, कारण गाईइतकं पवित्र दुसरं काय? सगळं सोवळं सांभाळून केलेलं. आणि धनुर्वाताचं घर म्हणजे नेमकं शेण.

एवढं मला कळलं, आणि तरी माझी जीभ सुटली ती सुटलीच. “याच शिंपल्याने मारलीस तू ती पोरं!” असं मी त्या गोठ्यात उभी राहून तिला म्हटलं.

ती वळली. गाईपुढे पेंढा टाकायला लागली. पुढचे पंधरा दिवस ती मला रस्त्यात दिसली की दगडी गडग्याच्या पलीकडून जायची. वरच्या वाडीतही मला कोणी दारात घेईना. सासू म्हणाली, “तू नको येऊ बाय. आजी येईल.” झालं! म्हणजे मी कारण शोधलं आणि दार बंद करून घेतलं. असला शहाणपणा काय जाळायचाय?

शेवटी मी गेले. आधी त्या पोरीकडे. ती वाटणाला बसली होती. मी पाट्यापाशी उकिडवी बसून म्हटलं, “माझं चुकलं. मी घाणेरडं बोलले.” ती वर न बघता म्हणाली, “तुला काय ठावं व्हतं?” आणि मग, “ह्ये ऱ्हाईल काय?” मी खोटं बोलले नाही. म्हटलं, “राहील असं करायचंय. पण मला आजी लागेल.”

मग आजीकडे. पडवीत भिंतीला टेकून ती तांदूळ निवडत होती. मी सूप पुढ्यात ओढलं आणि खडे काढायला लागले. तिने ओढून घेतलं नाही, तेवढ्यावरून मी धीर केला. म्हटलं, “मी गोठ्यात बोलले ते परत घेते. तू मारलं नाहीस. तुला सांगणारं कोणी नव्हतं. बाळंतपण तूच कर. मी नुसती बाजूला बसते. पण शिंपलं नको आणि राख नको.”

तिने सूप पाखडलं. मग म्हणाली, “तुज्याकडं काय हाय?”

मी नवं पातं दाखवलं, कागदातलं. ते आणि दोरा उकळायचा, स्वच्छ फडक्यात बांधायचा आणि वेळ येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. पण ठेवायचं कुठे? माझ्याकडे ठेवावं तर ऐनवेळी मी दुसऱ्या वाडीत असले म्हणजे? पोरीच्या सासूने बाळंतपणाचं हत्यार घरात येऊ दिलं नसतं, पुन्हा गोठाच. मी डोकं धरून बसले. तर आजीच म्हणाली,

“येडी काय गो तू? ह्येनं अजून कापलंय काय? नाय ना? मंग विटाळ कसला? देवाच्या फळीवर ठेवू. तिथं कोन हात लावतंय!”

मला तिला मिठीच मारावीशी वाटली. आम्ही दोघींनी वरच्या वाडीत जाऊन, सासूच्या डोळ्यांदेखत पाणी खळखळा उकळलं आणि ते पुडकं आजीने स्वतः देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या करंड्यामागे ठेवलं. सासूने त्याला हात जोडले. मी हसू दाबलं.

राखेचं मात्र अडलं. बेंबी उघडी ठेवायची हे सासूच्या पचनी पडेना. “कच्चं तसंच ठेवतेय काय?” तिचीही दोन गेली होती, हे मला आता माहीत होतं. तिला धमकावण्यात अर्थ नव्हता. तेव्हा आजी मला बाजूला घेऊन म्हणाली, “त्ये माज्यावर सोड.”

पौष सरता सरता, भरदुपारी, पोरीला कळा सुरू झाल्या. मी नशिबाने केंद्रातच होते. पोचले तेव्हा आजी हात धूत होती, माझ्या साबणाने, कोपरापर्यंत. तिने मला बसायला सांगितलं आणि मी गुमान बसले. इतकं सुरेख काम मी इस्पितळातही पाहिलं नव्हतं. कुठे घाई नाही, आरडाओरडा नाही. पोरीला म्हणत होती, “थांब, आता नको. आता दे. बास. माजी बाय ती.” मुलगा झाला. आजीने फळीवरचं पुडकं सोडायला सासूला नाही, मला सांगितलं. दोरा बांधला, पातं चालवलं. मग एक उकळून वाळवलेली पट्टी बेंबीवर गुंडाळली, चांगली घट्ट, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या सासूला मोठ्याने म्हणाली, “लावली गो राख! आता बारशापर्यंत कोनी सोडू नका. सोडलीत तर माजा हात लागणार नाय.”

मी तिच्याकडे बघितलं. तिने बघितलंच नाही.

पुढचे सात दिवस आजी रोज तिथे. न्हाऊ घालायला तीच, शेगडी पेटवायला तीच, पट्टी बदलायची तर तीच, दार लोटून. मी सकाळ-संध्याकाळ जायची. पाचवी पुजली, सहावी पुजली. घरात कोणी ‘बाळ’ म्हणत नव्हतं. ‘ते’ म्हणायचे. ते निजलंय. ते ओलं झालंय. ती पोर त्याला पाजायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. छपराकडे बघायची.

आठव्या दिवशी सकाळी मी पाखाडी चढत असतानाच रडणं ऐकू आलं. तान्ह्याचं, टाहो फोडून. मी धावत वर गेले. सासू पडवीत डोक्याला हात लावून बसली होती. आत ती पोर भिंतीकडे तोंड करून बसलेली. चोळी दुधाने भिजून गेली होती. मूल शेजारी दुपट्यावर, लालबुंद, मुठी आवळलेलं. आजी त्याच्या डोक्याशी.

“पहाटेपास्नं घेईत नाय,” आजी म्हणाली.

मी पुढे झाले. “बाळ घेत नाही?”

“बाळ नाय गो. ही. ही घेईत नाय त्येला.”

मी खाली बसले. मुलाचं तोंड बघितलं. चांगलं ऐसपैस उघडं, हिरड्या दिसतायत, जीभ दिसतेय. धनुर्वाताचं मूल असं रडूच शकत नाही. मी तिला ते सांगितलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग ओरडून सांगितलं. “अगं, भूक लागलीय त्याला! घे की! उपाशी मारतेस का?”

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, “तिघांना आठव्या दिवशी सकाळीच घेतलं. तोंडाला लावलं नि तेव्हाच कळलं. आता मी नाय बघनार. तुमी बघा.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. घेतलंच नाही, तर कळणार नाही. कळलं नाही, तोवर ते आहे. हे कुठल्या पुस्तकात लिहिलं होतं, म्हणून मला शिकवणार होते?

आजी उठली. बाहेर जाऊन हात धुऊन आली. करंगळी मुलाच्या ओठांवर टेकवली. त्याने रडणं तोडलं, मान वळवली आणि करंगळी तोंडात धरली. आजीने आमच्याकडे न बघता म्हटलं, “ओढतंय. अगो, केवढं ओढतंय! नख काढील माजं.”

तरी ती वळली नाही. आजीने मूल उचललं, तिच्या पाठीमागे बसली आणि खांद्यावरून, तिला बघावं न लागता, तिच्या मांडीत दिलं. मग तिचा हात आपोआपच आला. चोळी वर झाली. एकदम रडणं थांबलं आणि खोलीत फक्त घुटक्यांचा आवाज राहिला. दूध इतकं होतं की त्याला ठसका लागला, आणि ठसका जाताच ते पुन्हा तुटून पडलं. सासू दारात येऊन उभी राहिली होती. ती पदर तोंडात कोंबून रडत होती.

पोरीने खाली बघितलं. त्या आठ दिवसांत पहिल्यांदा. खूप वेळ बघत राहिली, आणि मग तिने जे विचारलं, त्याची माझी तयारी नव्हती.

“बाय, तोंड मिटलेलं असलं तरी भूक लागते काय गो? माज्या थोरलीला लागली असंल काय? मदल्याला? तिसऱ्याला?”

मी आजीकडे बघितलं. मला वाटलं, ही म्हातारी काहीतरी गोड बोलेल, सासूला राख लावल्याचं सांगितलं तसं. तीच करू शकली असती ते. माझ्याच्याने झालं नसतं.

“लागली व्हती,” आजी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “लागली व्हती बाय. नि ती तिघं सटवीनं नाय नेलान. माज्या हातानं गेली. माज्या शिंपल्यानं नि माज्या राखेनं. ह्या नर्सबायनं मला सांगितलान, तेव्हा मला कळलं. तुला सांगायचं धाडस नव्हतं माजं, म्हणून नाय सांगितलं.”

सासू दारातच खाली बसली. आजीने दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले होते आणि ती ते खाली ठेवत नव्हती, झाकत नव्हती. पोरीला हवं ते तिने करावं, म्हणून थांबल्यासारखी बसली होती.

मूल पीत होतं. एक बाजू संपली, पोरीने त्याला दुसरीकडे घेतलं. तीही संपली. पोट टम्म झालं, तोंडाच्या कडेने दूध ओघळलं, डोळे मिटायला लागले. मग तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि त्याला दोन्ही हातांनी उचलून आजीपुढे धरलं.

“धर,” ती म्हणाली. “ढेकर काढ त्येची. मला नाय जमत.”